बिनवंगणाचा छकडा

मी छकडा बोलतोय. हौसेनं नाही, बोलायला लावलंय म्हणून. उभा जन्म ओझी वाहिली, लेकुरवाळ्या माहेराला पोचवल्या, तेव्हा एकानं विचारलं नाही की बाबा, कसा आहेस? आता गावात पर्यटन आलंय. पावण्यांना चुलीवरचं जेवण पायजे, बंबातलं पाणी पायजे आणि वर छकड्याची गोष्टबी पायजे. घ्या मग.

राधानगरीच्या वाटेवरचं आमचं गाव. अंग माझं बाभळीचं, चाकांवर लोखंडी धाव चढवली मौलाली लोहारानं. मालक सयाजी. माणूस तापट. बायकोशी चार शब्द सरळ बोलायचा नाही, पण मला वंगण द्यायला कधी चुकला नाही. आमच्याकडं ज्याची गाडी कुरकुरते त्याची अब्रू जाते. लोक म्हणतात, "घरात तेलाचा थेंब न्हाई वाटतं!" सयाजीच्या बैलांची घुंगरं वाजायची, चाक मात्र मुकं.

नव्वदच्या पुढं दारात ट्रॅक्टर आला आणि माझी रवानगी गोठ्यामागं झाली. कोंबड्यांनी माझ्यावर संसार थाटले. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

दोन हजार तीन साली हॉलंडहून एक बाई आली. नाव हेन्रिएटा. गावानं दुसऱ्याच दिवशी तिची हिराक्का केली. पगार नाही, पाणी नाही, परक्या मुलखात जाऊन लोकांच्या उपयोगी पडायचं, असलं तिचं काम. तिचं म्हणणं, गावानं आपलं गावच दाखवावं. पावणे घरात राहतील, भाकरी थापतील, शेतात फिरतील. सयाजीचा पोरगा जयसिंग लगेच पुढारी झाला. सयाजीची बायको चिमणाबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली, "माझी भाकरी बघाया इमानातनं माणसं येणार? येऊ द्यात की. कुणीतरी बघंल एकदाची!"

मला बाहेर काढलं. दहा वर्षांचा कोरडा. पहिले पावणे बसले, बैल हलले, आणि मी असा बोंबललो की झाडावरचे कावळे उडाले. पावण्यांनी टाळ्या वाजवल्या! एकानं चाकाशी यंत्र धरून आवाज भरून घेतला. हिराक्का हरखली. "हा खरा जुना आवाज. वंगण नको," म्हणाली. जयसिंगनं वंगणाचा बांबूचा नळा माळ्यावर टाकला.

सयाजी भडकला. "आरं, परक्या माणसांम्होरं माझी अब्रू वरडत फिरणार व्हय?"

"आबा, त्येंस्नी तेच आवडतंय."

"आवडतंय तर तुज्या सासऱ्याचा छकडा जुंप की!"

त्यानंतर तो माझ्या वाटेला फिरकेना. एक दिवस मी किंचाळत पारापाशी आलो. पावण्यांतल्या एकीनं हिराक्काला विचारायला लावलं, छकडा कुणाचा? सयाजी चारचौघांत बसला होता. तंबाखू चोळता चोळता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "असंल कुणाचा तरी. माझा न्हाई."

दोन चाकांमधला कोरडा कणा झिजत होता, ते दुखणं सोसलं. हे सोसवलं नाही.

पुढच्या उताराला चाकातनं धूर निघाला. पावण्यांना वाटलं, हीपण इथली परंपरा. पुन्हा टाळ्या! तेवढ्यात कडाक् करून कणा मोडला आणि मी पावण्यांसकट भाताच्या खाचरात. ते चिखलानं माखून खिदळत उठले. मी आडवाच.

जयसिंगनं निकाल दिला. "गेला ह्यो. आता दारात ठिवू, वर कुंड्या मांडू."

कुंड्या! ज्यानं नवऱ्या मुली वाहिल्या, त्यानं शेवंती वाहायची?

आणि सयाजी आला, चिखल तुडवत. तापलेल्या चाकाला हात लावला. चटका बसला, तरी काढला नाही. मग हिराक्काला म्हणाला, "बाई, तुमच्याकडं म्हातारं माणूस कण्हाय लागलं तर औषध देत्यात, का टाळ्या वाजवत्यात?"

तिचं मराठी बेताचं, पण हे नेमकं कळलं. तोंड एवढंसं झालं. "चुकलं, आबा. माझं चुकलं."

नवा कणा बसला. वंगण तिनंच घातलं, कोपरापर्यंत काळी झाली. चिमणाबाई म्हणाली, "आता कुठंबी नांदशील, बाई." पुढचे पावणे बसले की हिराक्का सांगायची, "चाक ऐका. ऐकू येत नाही ना? हीच इथली कला." मग सगळे गप्प. नुसती घुंगरं.

तिला मायदेशी जाऊन चार वर्षं झाली. जाताना माझ्यावर डोकं टेकवून पुन्हा माफी मागून गेली. जयसिंगनं मला नवं छप्पर घातलं, ती त्याची माफी, असं मी धरून चाललोय.

तुम्ही आलात, बसा. उड्या मारू नका, फळ्यांच्या फटीत चॉकलेटचे कागद खुपसू नका. कुरकुर ऐकायचीच असेल तर आपापल्या घरची दारं उघडा.

एक म्हातारा अजून दर बाजाराच्या आदल्या दिवशी येतो. वंगण घालतो, चाक फिरवून कान लावतो, उगाच फडक्यानं पुसत बसतो. पारावरच्या त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाही. पण वंगण म्हणजे माफी नव्हे. चारचौघांत नाकारलंस, तर चारचौघांतच म्हण, माझा हाय. वाट बघतोय, सयाजी.