जळक्या कॉफीला छान म्हणणारी माणसं

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे, पण भाकरीचा नव्हे. माझा दांडा हातभर लांब आहे, पोट खोलगट आहे आणि माझ्यात कायम कॉफीच्याच बिया भाजल्या गेल्या. आता मी कंपाला शहरातल्या कन्सांगा भागात, एका भाड्याच्या खोलीच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला असतो. माझी कीव करू नका, फक्त ऐका.

माझा जन्म एरिट्रियातल्या केरेन गावचा. लढाईत मोडून पडलेल्या ट्रकचा पत्रा ठोकून एका लोहाराने मला घडवलं. अब्रेहेत नावाच्या मुलीने मला नव्या संसारासाठी घेतलं. तिचा नवरा आघाडीवर गेला तो परत आलाच नाही. मग गावावर बॉम्ब पडू लागले, तेव्हा ती मला पाठीला बांधून आईसोबत सुदानच्या वाटेने चालत निघाली. आई वाटेतच गेली. खड्डा खणायला दुसरं काही नव्हतं, म्हणून अब्रेहेतने तो माझ्यानेच खणला.

हिंडत हिंडत ती युगांडात आली. इथे कॉफी डोंगरच्या डोंगर पिकते आणि माणसं पितात मात्र चहा! चांगला माल परदेशी जाणाऱ्या बोटीत चढतो, इथे उरतो तो कचरा. अब्रेहेत चिडलीच. ती एल्गॉनच्या डोंगरावर गेली आणि तिथल्या बागायतदारांना म्हणाली, पिकलेली लाल फळं तेवढीच तोडा, आपल्या उताराचा माल वेगळा ठेवा, मी जास्त भाव देते. शहरातला दलाल खो खो हसला.

"बाई, कॉफी ती कॉफी! कुठल्या उतारावरची, हे गिऱ्हाईक विचारतं का कधी?"

"कसं विचारेल? तुम्ही सगळं एकाच पोत्यात ओतता ना!"

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! पुड्यांवर उताराचं नाव छापणारं कंपालातलं पहिलं दुकान तिचं. वकील आले, मास्तर आले, चहाशिवाय कशालाही न शिवणाऱ्या बायका आल्या. भाजायला विजेचं मोठं यंत्र आलं. मला त्याचा हेवा वाटला, का खोटं बोलू? पण रोजची पहिली मूठ ती माझ्यातच भाजायची. वास बरोबर जमला की त्यावरून यंत्राचा हिशेब बांधायची. सगळं दुकान तिच्या नाकावर उभं होतं.

आमची केरेनकडची रीत अशी आहे. बिया भाजल्या की तवा धुरासकट पाहुण्यांपुढे फिरवतात. प्रत्येकाने हाताने धूर आपल्याकडे ओढायचा आणि 'छान' म्हणायचं. घरधनिणीला दुसरं काही म्हणत नाहीत. मग मक्याच्या लाह्या येतात आणि कॉफीचे तीन पेले. तिसरा पेला आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी अब्रेहेत त्याला पाहुणा मानून हीच रीत पाळायची.

एका वर्षी अब्रेहेतला ताप आला. कित्येक दिवस ती अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा तिचं नाक मेलं होतं. लोबान नाही, कांदा नाही, कॉफी नाही, कशाचाच वास तिला येईना. तिने हे कुणालाही सांगितलं नाही. एकटी असताना मला पुसता पुसता म्हणाली, "नाक गेलं तर गेलं. माणसं आहेत ना! चुकलं तर सांगतील."

मी तिला तिथेच ओरडून थांबवायला हवं होतं. पण पत्र्याला कुठला आवाज?

ती रंग बघून भाजू लागली, पण वासाशिवाय नेमकं कधी थांबायचं ते कळेना. बिया काळ्या पडू लागल्या. ती मला घेऊन पाहुण्यांपुढे जायची, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची आणि प्रत्येक जण धूर ओढून म्हणायचा, छान! मग एक पेला कसाबसा घशाखाली ढकलायचा आणि उठायचा. कुणाला बँकेत जायचं असे, कुणाची सून आजारी असे. "कंपाला फार धावायला लागलीय," ती म्हणायची.

दुकानात नाम्बोझो होती, एल्गॉनवरच्या एका बागायतदाराची मुलगी. तिचीच माणसं ती लाल फळं तोडत होती. ती आमच्या रीतीला बांधील नव्हती. एके दिवशी भरल्या दुकानात ती बोलली, "अदेय, जळलंय हो. रोजच जळतंय." आमच्या भाषेत आईला अदेय म्हणतात. ती अब्रेहेतला तसंच म्हणायची.

अब्रेहेत गर्रकन वळली. समोर म्हातारे झेरे बसले होते, तिच्याच गावचे शिंपी. त्यांना ती अबोय, म्हणजे बाबा म्हणायची.

"अबोय, तुम्ही सांगा. जळलंय?"

झेऱ्यांनी माझ्यावरचा धूर ओढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "छान आहे, पोरी."

"ऐकलंस?" अब्रेहेत नाम्बोझोवर कडाडली. "चहा पिऊन वाढलेली तू, मला शिकवतेस? चालती हो!"

"जाते. पण आमच्या डोंगराचं नाव पुडीवर आहे, एवढं लक्षात ठेवा." नाम्बोझो गेली, ती कायमची.

पुढे एका मोठ्या हॉटेलचा माणूस सगळ्या उताराचा माल ठरवायला आला. तो काही आमच्यातला नव्हता. एक घोट घेऊन त्याने पेला खाली ठेवला. "नाव ऐकून आलो होतो, बाई," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. ही गोष्ट शहरभर झाली. गिऱ्हाईक तुटलं. अब्रेहेतला भाव देता येईना, तेव्हा उतारावरचा माल पुन्हा दलालाच्या पोत्यात गेला. नाम्बोझोच्या बापाने झाडं उपटून मका पेरला. कॉफीचं झाड मोठं व्हायला वर्षं लागतात हो! यंत्र विकलं, दुकान बंद झालं.

त्यानंतर झेरे या खोलीवर आले. तिने रीतीप्रमाणे मला चुलीवर ठेवलं, भाजलं, धूर त्यांच्यापुढे धरला. म्हाताऱ्याचा हात वर उठेना.

"जळलीय, पोरी. तेव्हाही जळली होती. पहिल्या दिवसापासून मला कळत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या घरी बसून तुझ्या तव्याला वाईट कसं म्हणू?"

"माझं नाक मेलंय, अबोय. तुमच्या भरवशावर भाजत होते मी." ती ओरडली नाही. "खरं बोलली ती पोर. तिला तुमच्या शब्दावर हाकलली मी."

झेरे पेला न घेताच उठले आणि तिने त्यांना थांबवलं नाही. त्या दिवशी तिने मला धुऊन या खिळ्याला टांगलं. पुन्हा चुलीवर ठेवलं नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. मी पत्रा आहे, गंजेन तर गंजेन. पण एखादं माणूस तुमच्यापुढे काही धरून तुमच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं, तर त्याला खरं सांगा. वाईट वाटेल त्याला, दोन दिवस बोलणार नाही. पण त्याला तेव्हाच सांगा.