कोऱ्या पट्टीवरचं बोट

"बटणं दिसत नाहीत ना? मग ती पट्टीच काढून टाका," साहेब म्हणाले. "बोलायचं बटण आत मेनूत घाला. उद्या सकाळी नवं अ‍ॅप गेलं पाहिजे."

"माझ्या हातून नाही जाणार," अ‍ॅपचा कोड लिहिणारी ती म्हणाली.

ज्यांचा आवाज गेला आहे अशा माणसांसाठी ते अ‍ॅप होतं. मजकूर लिहायचा, वरच्या पट्टीतलं 'बोल' बटण दाबायचं, की फोन बोलतो. नवी आवृत्ती गेली आणि तक्रारी सुरू झाल्या: पट्टी कोरी, बटणं गायब. इकडे ऑफिसातल्या एकूण एक फोनवर बटणं ठणठणीत. जे आपल्याकडे बिघडतच नाही, ते दुरुस्त कसं करायचं?

"मेनू उघडा, खाली सरका, मग दाबा. तोवर समोरचा उठून जाईल, साहेब. माझे काका रोज याच अ‍ॅपवर बोलतात."

"तुमच्या काकांसाठी कंपनी चालत नाही."

"त्यांच्यासारख्यांच्याच जिवावर चालते."

शेजारच्या डिझायनरने तिची बाही ओढली. "अगं, पारा चढलाय त्यांचा."

"चढू दे."

जेवणाच्या सुट्टीत ती तणतणत घरी आली. काकांनी उभं आयुष्य प्रार्थनागृहात देवाच्या गोष्टी गाऊन सांगण्यात घालवलं होतं. हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणायचे. ऑपरेशनमध्ये गळा गेला, गोष्टी राहिल्या. आता त्या फोन सांगायचा. आवाज सर्दी झालेल्या कारकुनासारखा. पण काका टेबलावर बोटांनी असा ठेका धरत, की कारकूनसुद्धा सुरात वाटे. मधेच थांबायचं, ऐकणाऱ्याचं तोंड बघायचं आणि नेमक्या क्षणी पुढचं वाक्य सोडायचं, ही त्यांची जुनी खोड. गोष्टीचा सगळा जीव त्या क्षणात. मेनूत शोधाशोध करताना तो क्षण कुठला सापडायला!

"आलीस? सकाळपासून बडबड चाललीय यांची," काकू म्हणाली. "गळा गेला, तोंड काही मिटलं नाही."

काकांनी लिहिलं, पट्टीच्या उजव्या टोकाला बोट टेकवलं. काकूने पाण्याचा घोट घेईपर्यंत थांबले, मग दाबलं. "हिलाही थोडं बोलू द्यायला हवं," फोन म्हणाला.

काकूला ठसका लागला. पुतणीलाही हसू फुटलं आणि तिथेच थांबलं. काकांच्या फोनवरची पट्टी पांढरीफटक होती.

"काका, बटण दिसतंय तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग दाबलं कसं?"

लिहिलं, दाबलं. "जागा ठाऊक आहे. दिसत नाही म्हणून नाही, असं मी कधी म्हटलंय का?"

तिने आपला फोन काढला. पडदा काळा, बटणं पांढरी. सेटिंगमध्ये जाऊन पडदा उजळ केला. पट्टी पांढरी झाली आणि पांढरी बटणं तिच्यात विरघळून गेली. ऑफिसात झाडून सगळे डार्क मोडवाले. उजळ पडदा ठेवणं तिथे म्हातारपणाचं लक्षण. कोणाला काय दिसणार, कपाळ!

"काका, चपला घाला."

"आणि जेवण?" काकू ओरडली.

"येऊन!"

ऑफिसात तिने सगळ्यांना फोन उजळ करायला लावले. एकेकाच्या हातातली बटणं नाहीशी झाली, तसा डिझायनर पुटपुटला, "आयला, आपणच आंधळे."

ती खुर्चीत बसली. कोडमध्ये बटणांचा रंग पांढरा असं ठोकून लिहिलं होतं. ते खोडून, पडद्याप्रमाणे रंग बदलेल असं केलं. उजळ पडद्यावर काळी बटणं दिसली, काळ्यावर पांढरी. दोन्ही फोन साहेबांच्या पुढ्यात धरले.

"छान," साहेब म्हणाले. "पण पट्टी काढायची ठरलीय. तसं मी वर कळवलंय."

"मग पट्टी तुम्ही काढा. माझं नाव त्या कामावर येणार नाही."

"याचा अर्थ कळतोय तुम्हाला?"

"नोकरी जाईल. कळतोय."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. सावकाश लिहिलं. आवाज पुरता वाढवला. टेबलावर बोटांचा ठेका सुरू झाला, आणि साहेब काही बोलायला तोंड उघडणार, नेमकं तेव्हाच त्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"मग वर परत कळवा," फोन खणखणीत म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. साहेबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या फोनवरच्या काळ्या बटणांकडे.

"पाठवा," ते म्हणाले. "पट्टीसकट."