उपाशी पट्टा

एलियो ब्रँडोलिन आणि त्यांची मुलगी रेनाटा यांचं युरियावरून तीन वर्षांपूर्वी बिनसलं. अ‍ॅथर्टनच्या पठारावर तांबड्या मातीत त्यांचा मका आहे. रेनाटाचं म्हणणं, एक तृतीयांश युरिया कमी केला तरी पीक तेवढंच येईल. जास्तीचा पावसाबरोबर ओढ्यात जातो. एलियो म्हणत, चाळीस वर्षं टाकलाय तेवढाच टाकायचा. शेवटी मी शेतात चाचणी घ्यावी आणि तीन हंगामांनंतर जे निघेल ते दोघांनी मानावं, असं ठरलं. माती आणि धान्य तपासणं हे माझं कामच आहे.

दरवर्षी मी चिठ्ठ्या टाकून पट्टे ठरवी. त्यात सहा ओळींचा एक पट्टा नत्र, म्हणजे युरिया, अजिबात न देता ठेवायचा. माती स्वतःहून किती देते, ते त्यावरूनच कळतं. तो नसेल तर बाकीच्या आकड्यांना पाया राहत नाही. तिसऱ्या वर्षी तो पट्टा नेमका रस्त्यापासून सुरू होऊन, मधला उंचवटा ओलांडून खाली ओढ्यापर्यंत जाणारा निघाला.

"दुसरी चिठ्ठी काढ ना, लिनेट," एलियो म्हणाले.

"मनासारखी निघेपर्यंत काढायची, तर चिठ्ठ्या कशाला टाकायच्या?"

जानेवारीअखेर त्या पट्ट्याची खालची पानं टोकापासून मधल्या शिरेच्या कडेनं पिवळी पडत गेली. आजूबाजूचा मका डोक्याच्या वर, हा जेमतेम छातीला. शेजारचा क्लॅरी जातायेता गाडी थांबवून हॉर्न वाजवी.

"एलियो, तुझ्या मक्याला कावीळ झाली की काय रे? म्हातारपणी युरियाची पोती उघडायला विसरतोस?"

"ही शास्त्राची शेती आहे. तुला नाही कळायची."

"असली शेती मला झोपेतही जमेल!"

मी हसले होते. एलियो हसले नव्हते, हे मला फार उशिरा आठवलं.

फेब्रुवारीत कणसांना केस फुटायच्या सुमारास पावसानं रस्ता बंद झाला आणि दोन आठवडे मला जाता आलं नाही. जुलैत कापणी झाली. प्रत्येक पट्ट्यातून चार ठिकाणचे दाणे मी वेगळ्या पिशव्यांत घेते. उपाशी पट्ट्यातल्या ओढ्याकडच्या दोन पिशव्यांत प्रथिनं पावणेसात टक्के निघाली, गेल्या दोन वर्षांइतकीच. रस्त्याकडच्या दोन पिशव्यांत दहा. एलियोंच्या पूर्ण मात्रेच्या पट्ट्यापेक्षाही जास्त.

आधी मी यंत्रावर संशय घेतला आणि दाणे पुन्हा दळून तपासले. आकडे तेच आले. कणसं मात्र दोन्हीकडची जवळजवळ सारखीच लहान होती. झाडाची वाढ संपल्यावर, दाण्यांची संख्या बहुतेक ठरून गेल्यावर मिळालेलं नत्र कणीस फारसं मोठं करत नाही. ते दाण्यात प्रथिन होऊन बसतं. म्हणजे कोणीतरी तिथे उशिरा युरिया टाकला होता.

मी कागद घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. रेनाटा तव्यावर पोलेंटाच्या, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाच्या, वड्या परतत होती. काय दिसलं ते मी सांगितलं. कोणी टाकला, ते विचारलं नाही.

रेनाटानं गॅस बंद केला. "पापा?"

एलियोंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन बादल्या. हातानं."

"तीन वर्षं थांबले मी. तुम्हाला जिंकायचं होतं तर तोंडावर सांगायचं!"

"जिंकायचं नव्हतं गं. रोज तो क्लॅरी हॉर्न वाजवायचा. आणि पीक असं उपाशी उभं... मला नाही बघवलं."

"आता बघा," ती म्हणाली. "चाचणी वाया गेली ना, लिनेट?"

"कुठपर्यंत टाकलात?" मी एलियोंना विचारलं.

"उंचवट्यापर्यंत. त्याच्या पलीकडचं रस्त्यावरून कुठे दिसतंय?"

उंचवट्यावरून पाणी दोन्हीकडे वाहतं, त्यामुळे रस्त्याकडचा युरिया पलीकडे गेला नव्हता. ओढ्याकडचा अर्धा पट्टा शाबूत होता. आकड्यांची खात्री थोडी कमी होणार होती, पण उत्तर बदलणार नव्हतं: रेनाटाच्या मात्रेला मका एलियोंच्या मात्रेइतकाच पिकला होता आणि प्रथिनं कमी भरली ती अर्ध्या टक्क्याच्याही आत. मी दोघांना कागद दाखवला.

एलियोंनी चष्मा पुन्हा लावून तो वाचला.

"आणि माझ्या बादल्यांनी काय झालं?"

"प्रथिनं वाढली. पीक नाही."

"खाल्लं कुणी मग ते?"

"तुमच्या कोंबड्यांनी," रेनाटा म्हणाली. ती अजून रागातच होती. "मागच्या पोत्यातला मका त्या टोकाचाच आहे."

"तरीच अंडी बरी येतायत." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "ठरलंय ते ठरलंय. डिसेंबरात पेरणीला तुझ्याच मापानं टाकू."

मी वही उघडून लिहिलं.

"काय लिहिलंस?" एलियोंनी विचारलं.

"रस्त्याकडचा भाग वगळला. उशिरा हातानं युरिया पडला."

"कुणाच्या हातानं?"

"ते लिहावं लागत नाही."

"लिही. उद्या कोणी वाचलं तर म्हणेल, माझ्या पोरीनं स्वतःच्या सोयीचं तेवढं ठेवलं."

मी त्यांचं नाव लिहिलं. रेनाटानं गॅस पुन्हा पेटवला आणि पहिली वडी त्यांच्या ताटलीत वाढली.