खिळ्यावरच्या तारा

सीतारामरावांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात भिंतीला एक मोठा खिळा होता आणि त्यावर तांब्याच्या पंधरावीस तारा लटकत होत्या. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, कामाच्या असतील. कामाच्या कसल्या, मूर्खपणाच्या होत्या. तंजावूरच्या आसपासचे शेतकरी पंपाचा फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात नाड्याएवढी जाड तार पिळून बसवत. मग मोटर जळे. ती मोपेडला बांधून ते सीतारामरावांकडे आणत आणि वर तोऱ्यात सांगत, "साहेब, मोटर गेली, पण तार बघा, तश्शीच आहे!"

त्यावर सीतारामराव चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारत, "गाव कुठलं?" उत्तर आलं की चिठ्ठीवर तमिळमध्ये गावाचं नाव लिहीत, चिठ्ठी तारेला बांधत आणि तार खिळ्याला अडकवत. ओरत्तनाडू, पापनाशम, तिरुवैयारू, सगळी गावं तिथं टांगलेली होती. तीस वर्षांत त्यांनी एकाही शेतकऱ्याला "जाऊ दे, होतं असं" म्हटलं नव्हतं.

शेतकऱ्यांवरच संपेल इतका त्यांचा तुच्छभाव तोकडा नव्हता. गेल्या दहा वर्षांत भाताच्या शेतांत भुईछत्र्यांसारखी उगवलेली इंजिनियरिंग कॉलेजं त्यांना हसू आणत. तिथल्या प्राध्यापकांना स्क्रूड्रायव्हरची कुठली बाजू धरायची हे ठाऊक असेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. केबल टीव्हीवर परदेशी यंत्रांच्या मारामाऱ्या बघून या कॉलेजांनीही तसले सामने भरवायला घेतले, तेव्हा ते म्हणाले, "कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या, आता पत्र्याचे कोंबडे लढवा."

पण त्यांची मुलगी हरिता शेवटच्या वर्षाला होती आणि तिनं असा एक कोंबडा केला होता. त्याला मोटारगाडीच्या वायपरच्या दोन मोटरी होत्या. त्या मोटरींना किती करंट द्यायचा, किती वेगानं फिरवायचं हे ठरवणारा बोर्ड तिनं स्वतः जोडला होता. आधी तिनं एका मोटरीचा दांडा बापाच्या दुकानातल्या व्हाइसमध्ये घट्ट आवळला आणि मीटर लावला. मोकळी फिरताना चार अँपिअर, अडवली की बावीस. तिनं ट्रान्झिस्टर निवडले ते बावीसकडे बघून. बोर्डाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, म्हणजे धडकेनं सोल्डरचे डाग सुटायला नकोत. आणि प्रत्येक मोटरीच्या वाटेवर एक फ्यूज ठेवला, बारीक तारेचा. मोटर फार वेळ अडकून राहिली तर आधी तार मरावी, बोर्ड मागे राहावा.

हे सगळं बघून सीतारामरावांची छाती फुगली, पण तोंडानं ते म्हणाले, "बरं आहे." जन्मात त्यांनी केलेली ही सर्वांत मोठी स्तुती असावी.

तिच्याच वर्गातल्या सतीशकुमारनं मात्र चेन्नईहून तयार डबी आणली होती. डबीवर सोनेरी अक्षरांत तीस अँपिअर छापलेलं. हे तीस किती सेकंद टिकतात, हे विचारायची अक्कल त्याला झाली नव्हती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! सीतारामरावांनी डबी बघितली आणि नाक मुरडलं.

सामन्याच्या शनिवारी हरिता बापाला घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "हरलें तरी होऊं दे, अप्पा. सोमवारीं परीक्षेला हाच बोर्ड ठेवायचा आहे. वर्षाचं अस्कें काम ह्यांतच आहे. दुसरा करायला वेळ नाहीं."

अंतिम लढत सतीशकुमारशीच होती, तीन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत त्याच्या जडशीळ यंत्रानं हरिताचं यंत्र रेटत नेऊन कोपऱ्यात दाबलं. चाकं अडकली, दोन्ही फ्यूज गेले, यंत्र गप्प झालं. नेमकं तसंच व्हायला हवं होतं.

मागच्या खुर्चीवरून सतीशकुमारचा बाप तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाला, "पंप मेकॅनिकचं यंत्र ना, पंपासारखंच बंद पडणार." सगळा मांडव हसला. प्राध्यापकही हसले. सीतारामरावांच्या कानशिलांत ठणका उठला. तीस वर्षं ते लोकांना हसत आले होते. आपल्याला कुणी हसलं तर कसं लागतं, ते त्यांना आजच कळत होतं.

हरिताला पंचांनी वजनकाट्याकडे बोलावलं. जाताना तिनं बारीक तारेचं रीळ बापाच्या हातात दिलं. "हीच तार घाला, अप्पा. दुसरी कांहीं नको."

"मला शिकवतेस होय?" ते म्हणाले.

ती पाठमोरी झाली आणि त्यांनी रीळ खिशात टाकलं. पिशवीतून जाड केबल काढली, सोलली, तिच्या सहा तारा एकत्र पिळल्या आणि दोन्ही फ्यूजमध्ये आवळून बसवल्या. एका फेरीचा तर प्रश्न आहे, असं त्यांनी मनाला सांगितलं. शेतकरीही असंच सांगत, एका पाण्याचा तर प्रश्न आहे.

दुसऱ्या फेरीत पुन्हा तोच कोपरा, पुन्हा तोच दाब. पण या वेळी हरिताचं यंत्र मेलं नाही. ते घुरघुरलं, जागच्या जागी थरथरलं, मग एक वीत पुढे सरकलं आणि सतीशकुमारचं धूड उलटं करून बाहेर फेकलं. मांडव टाळ्यांनी भरून गेला. सीतारामरावांनी मागे वळून त्या बापाकडे असं बघितलं, की तो खाली बघू लागला. अर्धं मिनिट ते आयुष्यात कधी नव्हते इतके सुखी होते.

मग जळक्याचा वास आला. हरिताच्या यंत्राच्या फटीतून पांढरा धूर निघत होता.

तिनं झाकण उघडलं. ट्रान्झिस्टर फुटले होते, बोर्ड मधोमध काळा पडला होता. फ्यूजमधली तार तेवढी नव्यासारखी चमकत होती. हरिता तिच्याकडे बघतच राहिली. तिसऱ्या फेरीचा पुकारा झाला. तिनं पंचांना हातानंच नाही म्हणून सांगितलं.

सीतारामरावांना काहीतरी बोलायचं होतं. तो मागचा मूर्ख हसला म्हणून, असं काहीतरी. पण जिभेवर आलं ते दुसरंच, इतक्या वेळा ऐकलेलं: तार बघ, तश्शीच आहे. ते त्यांनी गिळलं. त्यांना लाज वाटत होती.

हरिता ओरडली नाही, रडली नाही. तिनं स्क्रू ढिले केले, तार बाहेर काढली, बापाच्या तळहातावर ठेवली आणि चष्मा नसलेलं कपाळ वर करून विचारलं, "गांव कुठलं?"

त्यांनी तारेवर मूठ मिटली.

"मानंबुचावडी," ते म्हणाले. त्यांचं दुकान तिथंच होतं.