तिला सांग, बंद कर

दरवर्षी कुणीतरी नवा माणूस 'तफूक'चा शोध लावतो. कधी पॅरिसची बाई लावते, कधी लंडनचा मासिकवाला. परवा एक टोपीवाला तरुण माझ्याकडे बसून सांगत होता की हा रॉक बँड त्याने कसा 'शोधून काढला'. जणू आम्ही वाळूत पुरलेलो होतो आणि हा फावडं घेऊन आला. मी ऐकून घेतलं. आमच्यात पाहुण्याला चहाचे तीन पेले पाजल्याशिवाय उठू देत नाहीत, म्हणून दोन पेले होईपर्यंत मी गप्प होते. तिसरा ओतताना म्हटलं, तुझं झालं असेल तर आता माझं ऐक.

मी तेरा वर्षांची होते. दुसऱ्या दुष्काळाने आमची सगळी गुरं खाल्ली होती आणि सरहद्द ओलांडून आम्ही वाळवंटातल्या तामनरासेट शहराच्या कडेला येऊन पडलो होतो. पत्र्याच्या झोपड्या, कातड्याचे तंबू, ज्याचं जे वाचलं ते. शहरातले लोक आमच्याकडे पाहून नाकाला फडकं लावायचे. आमची पोरं कामाच्या शोधात लिबियात जायची, तिथून अर्धी उपाशी परत यायची, कोरड्या नदीच्या पात्रात बाभळीखाली बसून राहायची. वडीलधारी त्यांना बेकार म्हणायचे. आमच्या बोलीतला तो शब्दसुद्धा फ्रेंचांकडून उसना घेतलेला होता. शिवी द्यायलाही आमच्याकडे स्वतःचं काही उरलं नव्हतं.

माझा भाऊ रिस्सा त्यातलाच. लिबियात वेल्डिंग करून तो परत आला तेव्हा आईसाठी एक शाल आणि दुधाच्या पावडरचा एक डबा घेऊन आला. डब्यात पावडर नव्हती. फडक्यात गुंडाळलेली 'तफूक'ची एक कॅसेट होती.

बाभळीखाली पोरं जमली. टेपरेकॉर्डर होता, पण सेल मेलेले. ते तापल्या दगडावर उन्हात ठेवले, पोरांनी दाताने चावले, परत उन्हात ठेवले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी पाण्याचा डबा घेऊन नळाकडे निघाले होते आणि तिथेच थांबले. रिस्सा म्हणाला, "तकामा, पाणी काय तुझ्याकडे चालत येणार आहे?" मी डबा उलटा केला आणि त्यावर बसले.

आधी नुसती खरखर. मग एक गिटार. ती घाईत नव्हती. लांबच्या वाटेवर उंट चालतो तशी चालली होती, मान पुढे, पाय मागे. तिच्यात दुसरी गिटार शिरली. मग टाळ्या. मग एक माणूस गायला लागला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण मला तो कळत होता.

हे त्या टोपीवाल्याला समजवायला मला फार वेळ लागला. तोवर मी ऐकलेलं प्रत्येक यंत्र परक्या भाषेत बोलायचं. रेडिओ अरबी बोले, फ्रेंच बोले. चौकीवरचा भोंगासुद्धा आम्हाला त्यांच्याच भाषेत हाकलायचा. आमची तमाशेक फक्त शेळ्यांना, पोरांना आणि मेलेल्यांना उद्देशून बोलायची भाषा आहे असं मी धरून चालले होते. आणि इथे एक यंत्र आमच्या बोलीत, आमच्याच हेलात गात होतं. यंत्राला आमची भाषा येते! मी इतकी चिडले की रडायला आलं. इतके दिवस येत होती तर मग बोलत का नव्हतं?

आमचे पुरुष पागोट्याचं टोक तोंडावरून घेतात. गाणं असं होतं:

*वासरं मेली, आम्ही पोट बांधून चाललो.*
*गोणी आल्या, त्या कुणाच्या तंबूत गेल्या?*
*पागोट्याआड तोंड लपतं,*
*दाण्याचा वास लपत नाही.*

पोरं हसली नाहीत. रिस्साने टेप मागे नेली आणि परत लावली. पाणी मी संध्याकाळी नेलं आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

शिव्या देताना आई तेच गाणं गुणगुणत होती हे मात्र तिला कळलं नाही. चार-पाच दिवसांत वस्तीभर ते पसरलं. बाजरी कुटणाऱ्या बाया मुसळाच्या ठेक्यावर तेच म्हणायच्या. कॅसेट एकच होती. कोऱ्या कॅसेटी नव्हत्या, म्हणून कॉपी झालेली नव्हती. पोटात साठवून जेवढं नेता येईल तेवढं प्रत्येकजण नेत होता.

मग ते मामाच्या कानावर गेलं.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, इन्ताल्ला. वस्तीच्या वतीने साहेबांशी बोलणारा माणूस तो. मदतीच्या धान्याच्या गोणी त्याच्याच हातून वाटल्या जायच्या. आता तुम्ही म्हणाल, चोर. मी तसं म्हणणार नाही, कारण मी पाहिलेलं नाही. एवढंच पाहिलं की त्या वर्षी त्याच्या घरची मुलं धष्टपुष्ट होती. आणि त्याची मुलगी असलामा माझ्या भावाला द्यायचं ठरलेलं होतं.

मामा आमच्याकडे आला आणि चहा न घेता बोलला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आपण दुसऱ्याच्या देशात बसलोय, म्हणाला. असली गाणी वाजवणाऱ्या पोरांना सरहद्दीवर पकडतात, कॅसेटी बुटाखाली चिरडतात. उद्या साहेबांनी वस्ती उठवली तर ही गिटारवाली बेकार पोरं तुम्हाला पाणी पाजायला येणार आहेत का? मग त्याने अट घातली. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर रिस्साने कॅसेट चार वडीलधाऱ्यांसमोर त्याच्या हातात द्यायची. तो ती दगडाने फोडेल. नाहीतर असलामा विसरा.

आई म्हणाली, "इन्ताल्ला, गाण्यात तुझं नाव कुठंय?"

"म्हणूनच तर फोडायचीय," मामा म्हणाला. "अजून नाव नाही म्हणून."

रिस्सा देणार होता. मला त्याचा असा संताप आला की मी त्याच्यासोबत जेवले नाही. गाणी परत मिळतील, असलामा परत मिळणार नाही, असं तो म्हणत होता. त्याचंही खरं होतं. मी त्याला म्हटलं, "जा, दे. आणि लग्नात मामाच्या गोणीवर ठेका धर." त्याने मला मारायला हात उचलला आणि खाली घेतला.

मला ती कॅसेट हवी होती. असलामापेक्षा, लग्नापेक्षा, वस्तीपेक्षा. हे मी आजही लपवत नाही.

मामाची चूक अशी झाली की त्याला न्यायी दिसायचं होतं. काय फोडतोय हे वडीलधाऱ्यांनी आधी ऐकावं, म्हणजे कुणी मागून बोलणार नाही, असं त्याने ठरवलं. त्याची झोपडी पत्र्याची, दुपारी आत भाकरी भाजावी अशी तापायची. म्हणून बैठक त्याने मामीच्या तंबूत ठेवली. आता आमच्यात तंबू बाईचा असतो. लग्नात ती तो आणते, काडीमोड झाला तर घेऊन जाते, आणि नवरा बाहेर उघड्यावर उभा राहतो. म्हणजे मामा जिथे न्यायाधीश होऊन बसणार होता ती जागाच त्याची नव्हती. आणि मामीच्या तंबूत तिची आई कधीही, न विचारता येऊ शकत होती.

मी तिच्याकडेच गेले. तेब्रे आजी, मामाची सासू. पोरीकडे राहायला आलेली होती, मागच्या तंबूत बसून कातड्याची पिशवी शिवत होती. दुष्काळात तिच्या दुसऱ्या लेकीचा धाकटा मुलगा गेला होता, गोणी येणार येणार म्हणत. मी तिला सगळं सांगितलं. तिने सुई थांबवली नाही.

"त्या गाण्यात गोणीचं आहे?" तिने विचारलं.

"आहे, आजी."

"आणि प्रेमाचं?"

मला वाटलं ती रागावली. मी खाली मान घालून म्हटलं, पुढचं गाणं तेच आहे.

"मग तिथपर्यंत बसायला हवं," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

शुक्रवारी मामीच्या तंबूत चार म्हातारे, मामा, रिस्सा, आई आणि मामी असे बसले. टेपरेकॉर्डर मधे चटईवर. मामाच्या मांडीशी नदीतून आणलेला गोल दगड. मी बाहेर तंबूची कड थोडी उचलून पाहत होते. गाणं सुरू झालं. गोणीची ओळ आली तेव्हा म्हाताऱ्यांपैकी कुणी मामाकडे पाहिलं नाही, आणि न पाहणंच फार मोठं झालं. मामा म्हणाला, "ऐकलंत? हे आपल्या पोरांचं..."

तेवढ्यात तेब्रे आजी बायकांच्या बाजूने आत आली.

मामाचं वाक्य तिथेच मेलं. त्याचा हात पागोट्याकडे गेला आणि कापड डोळ्यांपर्यंत वर आलं. आमच्यात जावई सासूसमोर तोंड उघडं ठेवत नाही, जेवत नाही, शक्यतो बोलतच नाही. राजा असला तरीही. रिस्साने पण स्वतःचं पागोटं वर ओढलं, कारण ती त्याच्या होणाऱ्या बायकोची आजी होती. दोन जावई, एक झालेला आणि एक होणारा, मडक्यावर फडकं बांधावं तसे बसले.

आजी निवांत खाली बसली. पाय पसरले. म्हणाली, "चालू द्या. माझ्याकडे नका पाहू, मी काय म्हातारी."

आणि पुढचं गाणं लागलं. त्यात एक माणूस म्हणतो की तिच्या तंबूची वाट मला अंधारातही पायाला कळते. आमच्यात असलं गाणं सासूशेजारी बसून ऐकणं म्हणजे भर बाजारात कपडे उतरवणं. मामा उठला. तंबूची कड उचलून बाहेर पडला, दगड तिथेच राहिला. त्याच्या मागून रिस्सा दुसऱ्या बाजूने सटकला. कॅसेट बायकांमध्ये उरली. चार म्हाताऱ्यांतला एक तेब्रे आजीच्याच वयाचा होता. तो हळूच म्हणाला की वाट बरी सांगितलीय पोराने. आणि पेला पुढे केला.

मामा तंबूबाहेर उभा राहून कातड्यातून मामीला म्हणाला, "तिला सांग, बंद कर."

मामीने आपल्या आईला सांगितलं, जणू तिला ऐकूच आलं नव्हतं. आजी म्हणाली, "त्याला विचार, तंबू कुणाचा?"

मामीने बाहेर विचारलं.

मग आजीने गळ्यातली किल्ली काढली, आपल्या कातडी पिशवीचं कुलूप उघडलं आणि आतून एक कॅसेट काढली. कुणा शहरी गायकाची होती, तिला कधीच आवडली नव्हती. मला हाक मारून म्हणाली, "कड सोड, तंबू उडेल. पळ, त्या बेकारांकडून दुसरं यंत्र आण. मला एक हवी."

मी बाभळीकडे अशी पळाले की आजही धाप लागल्यासारखं वाटतं. पोरांनी यंत्र दिलं, सेल दिले, आणि सगळी मागोमाग येऊन तंबूबाहेर बसली. तेव्हा कॉपी करायची म्हणजे दोन यंत्रं तोंडाला तोंड लावून ठेवायची, एकाने गायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि माणसांनी श्वास धरायचा. खोकलं की खोकला टेपमध्ये. आम्ही सगळे दगड झालो. आईने तर शेळीचं तोंड धरलं होतं.

मामाला कॉपीचं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या गाण्यात गोणीच्या ओळीनंतर गिटारी थांबतात, एक श्वासभर. नेमक्या त्या जागी कातड्यापलीकडून, दबलेल्या आवाजात, पण अगदी स्वच्छ आलं: "तिला सांग, बंद कर."

कुणी हललं नाही. आजीचे खांदे मात्र हलत होते.

कॉपी झाल्यावर तिने दोन्ही कॅसेटी आपल्या पिशवीत टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. म्हणाली, ज्याला फोडायची असेल त्याने माझ्याकडे येऊन मागावी. मामा कसा मागणार? तोंड उघडायची सोय नव्हती. लग्नाचं तिने विचारलंसुद्धा नाही. लग्नाचा तंबू मुलीकडच्या बाया उभारतात, आम्ही उभारतोय, एवढंच मामीमार्फत बाहेर कळवलं. लग्नाचे सगळे दिवस सासूबाई समोर होत्या, म्हणून मामा सगळे दिवस डोळ्यांपर्यंत झाकून बसला. गाणं वाजलं तेव्हाही.

पुढे ज्याला गाणं हवं तो कोरी कॅसेट घेऊन आजीच्या तंबूत यायचा. आमच्या वस्तीतून ते ट्रकवाल्यांबरोबर किदालला गेलं, अगादेझला गेलं, लिबियातल्या छावण्यांत परत गेलं. आणि प्रत्येक कॉपीत मामा होता, कारण आजी कॉपी करू द्यायची ती स्वतःच्या कॅसेटवरून, रिस्साच्या नाही. आमच्या पोरांना वाटलं ते गाण्यातच आहे. ती तिथे ओरडायला लागली. पुढे 'तफूक'चं नाव झालं, ते मोठ्या रंगमंचांवर गेले, तरी आमचे लोक जिथे असतील तिथे त्या थांब्याला हजार गळे उठतात: तिला सांग, बंद कर! गाणारे हसतात. त्यांना वाटतं लोकांनी कुठूनतरी आणलं.

टोपीवाल्याने त्याची चकचकीत डिस्क काढून मला ऐकवली. गिटारी सुरेख होत्या. गोणीची ओळ आली, गिटारी थांबल्या, आणि त्या जागी काहीच नव्हतं. धुतलेली, साफ, महागडी शांतता.

तो डोळे मिटून डोलत होता. मी म्हटलं, "इथे ओरडायचं असतं."

तो म्हणाला, मूळ ध्वनिमुद्रणात तसं काही नाही.

मी त्याचा पेला उचलला, चहा संपला या खुणेने पालथा घातला आणि म्हटलं, "मग तुला 'तफूक'चा शोध अजून लागायचाय. परत लाव."