मुलीचे मामा कुठे आहेत?

कामिनीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ शालिग्राम पाटलांनी स्वतः तपासलं होतं. धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क म्हणून उभी हयात गेलेला माणूस. त्यांच्या नजरेतून वेलांटी सुटत नसे. पत्रिकेतही एकही वेलांटी चुकली नाही. माणसं तेवढी चुकली.

त्यांचा मेहुणा हितेंद्र, जळगावचा पाइपांचा व्यापारी, कामिनीचा एकुलता एक सख्खा मामा. निमंत्रकांत त्याचं नाव तिसरं आलं. वर एक माजी सरपंच आणि कॉलेजच्या संस्थेचे एक संचालक होते. मामाच्या डोक्यावर संचालक, हा घाव वर्मी बसला. साडू रुपचंद, पारोळ्याकडचे शेतकरी, यांचं नाव तर छापलंच नव्हतं. जागा उरली नाही, असं शालिग्राम सांगत. गणपतीच्या उंदराला मात्र जागा पुरली होती.

हितेंद्रने बहिणीकडे, म्हणजे वच्छलाबाईंकडे, निरोप धाडला, "तीन नंबरच्या मामाची काय गरज? वरच्या दोघांपैकी एकाला उभं करा."

शालिग्रामना वाटलं, रुसला आहे, येईल. लग्नात कोणीतरी रुसणं हाही एक विधीच असतो. फक्त तो मुहूर्ताच्या आत उरकायचा असतो. हितेंद्रने तो उरकला नाही.

मे महिन्यातलं लग्न, ज्यात गवताची काडीही नाही अशा एका लॉन्सवर. नवरदेव पाटावर उभा राहिला आणि माइकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामाने हाताला धरून आणल्याशिवाय मंगलाष्टकं सुरू होत नाहीत. पुन्हा पुकारा झाला. कामिनी शालू सावरत खोलीच्या दाराशी उभी. वच्छलाबाई फोन कानाला लावून, आणि पलीकडे भाऊ काही उचलत नाही. शालिग्राम मंडपाच्या सुटलेल्या दोरीकडे फार बारकाईने बघू लागले. दोरी कुठेही सुटलेली नव्हती. वराकडच्या बायकांनी डोकी जवळ आणली.

तेव्हा मागच्या रांगेतून, कूलरशेजारून, रुपचंद उठले. ज्या पत्रिकेत आपलं नाव नाही ती पत्रिका घेऊन ते पहाटेच्या एसटीने आले होते. थेट दाराशी गेले आणि कामिनीचा हात धरला.

"चाल वं माय. बठ्ठा लोके वाट देखी राहिनात."

"आपण मामा का?" भटजींनी विचारलं.

"मावसा शे."

"मावसा चालत नाही. मामाच लागतो."

"आनि मुहूर्त टळना तं चाली का?"

भटजींनी घड्याळाकडे पाहिलं. शास्त्रात लगेच सोय निघाली.

लग्न लागलं. वऱ्हाडी वरण-बट्टीवर तुटून पडले. शालिग्राम मात्र रुपचंदकडे बघत बट्टी कुस्करत राहिले. याला काय हवं असेल? ज्याच्या वास्तुशांतीला आपण चारचौघांत "घर आहे की गुरांचा दवाखाना" असं विचारलं, तो माणूस फुकट उठेल का?

प्रवेशाचे दिवस आले. रुपचंदच्या मुलासाठी शब्द टाकायचा असेल, म्हणून शालिग्राम तयारीत राहिले. मुलाने अमळनेरला परस्पर प्रवेश घेतला. थंडीत रुपचंदकडून भरताच्या वांग्यांची गोणी आली. आता बोलेल, असं म्हणून त्यांनी स्वतःच फोन लावला.

"रुपचंदभाऊ, काही काम असेल तर मोकळेपणाने सांगा."

"काम? वांगा गोड निंघनात का ते सांगा, साडूभाऊ."

वांगी गोड होती. त्यामुळे संशय आणखी वाढला.

पुढल्या उन्हाळ्यात हितेंद्रच्या रोहिणीचं लग्न निघालं, जळगावला. तिचा मामा वरणगावचा प्रेमराज. त्याला पत्रिका हाताने न देता हितेंद्रने व्हॉट्सॲपवर टाकली, आणि प्रेमराज रुसला. ही बातमी ऐकून शालिग्रामनी नवा सदरा शिवायला टाकला. वच्छलाबाईंना वाटलं, नवऱ्याच्या मनातलं किल्मिष गेलं. ते धुळ्याहून लवकर निघाले आणि मंडपात पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसले.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

कोणी आलं नाही. पुन्हा पुकारा झाला. हितेंद्र मंडपाच्या खांबाला टेकून घाम पुसत होता. शालिग्रामनी पाय लांब केले.

"बसा निवांत," वच्छलाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "खुर्ची मोक्याची आहे. सगळं नीट दिसतं इथून."

दिसत होतंच. दाराशी उभी असलेली रोहिणीही दिसत होती. आधी ती फाटकाकडे बघत होती. आता तिने मान खाली घातली. मागून कोणी बाई म्हणाली, "मामा नाही वाटतं पोरीला."

शालिग्रामनी मनातल्या मनात रुपचंदला एक शिवी घातली आणि ते उठले.

"फुवा, तुम्ही?" रोहिणी म्हणाली. आत्याच्या नवऱ्याला तिकडे फुवा म्हणतात.

"मलाही पटत नाहीये. चल, शालू पायात येईल, हळू."

अर्ध्या वाटेत माइकवाल्याने माइक पुढे केला. "मामांचं शुभनाव?"

सगळ्यांचे कान इकडे लागले. आपलं नाव सांगितलं असतं तर मामा आलाच नाही हे वराकडच्यांना कळलं असतं, आणि हितेंद्रची वर्षभराची परतफेड तिथेच, स्पीकरवरून झाली असती. शालिग्रामनी खांबाकडे पाहिलं. हितेंद्रने डोळे मिटून घेतले होते.

"प्रेमराज," ते म्हणाले. "वरणगावचे."

मुलीकडच्या चार जणांना खोकला आला. पण माइकवरून सांगितलेलं खोटं मंडपात कोणी खोडत नाही. वराकडच्यांनी माना डोलावल्या. मामा चांगला भारदस्त निघाला, असं त्यांचं मत पडलं.

अक्षता पडल्यावर हितेंद्र टोपी-टॉवेल घेऊन आला. मामाला द्यायचा तो मान कोणाच्या हातात द्यावा, हे त्याला कळेना. शेवटी त्याने शालिग्रामना कूलरमागे ओढलं.

"दाजी, मनात काय आहे ते आत्ताच सांगून टाका. मागाहून नको."

"काही नाही रे."

"कामिनीच्या वेळी मी आलो नाही. तुम्ही असंच सोडणार नाही, मला माहीत आहे. काय पाहिजे?"

शालिग्रामना बरंच काही सांगता आलं असतं. रुपचंदचं सांगता आलं असतं. पण हा प्रश्न घेऊन त्यांनी स्वतः एक अख्खं वर्ष काढलं होतं, आणि तो इतक्या स्वस्तात सोडवून देण्याइतके ते अजून सुधारले नव्हते.

"खरंच काही नाही," ते इतक्या गोड आवाजात म्हणाले की हितेंद्र मटकन खुर्चीवर बसला.