दसऱ्याची साफसफाई

कॉम्प्युटर चालू होत नव्हता, एवढंच झालं होतं. घरोघरी होतं. पण आमच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या नवऱ्याचा आवाज होता, आणि तो बंद मी पाडला होता.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी उगाच रडतेय. आमचे हे, गुणाजी, विक्रोळीच्या एका वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं टर्नर होते. लेथ मशीनच्या खडखडाटात आयुष्य गेलं, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. आम्ही घाटकोपरला भटवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. ह्यांनी चहा मागितला की खालच्या नाक्यावर ऐकू जायचं. आणि रागावले की सरळ मालवणीत. मी म्हणायची, अहो हळू, भिंतीपलीकडे माणसं राहतात. तर म्हणायचे, राहूदेत, त्यांनाही कळूदे.

मार्चमध्ये ह्यांचं घशाचं ऑपरेशन झालं. तंबाखूने घात केला, दुसरं काय. स्वरयंत्रच काढावं लागणार, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मध्ये तीन आठवडे हातात होते. आमची मुलगी रुचिरा बोरिवलीला दिलीय, तिने डोकं लढवलं. म्हणाली, बाबांचा आवाज भरून ठेवू. रोज संध्याकाळी यायची, माईक लावायची आणि ह्यांच्याकडून एकेक वाक्य बोलून घ्यायची. चहा टाक. दार लाव. कोण बोलतंय? मला दुखतंय. मला दुखत नाही. अशी तीनशेवर वाक्यं झाली. आता कॉम्प्युटरवर यादी येते, पाहिजे त्या वाक्यावर दाबलं की ह्यांचा आवाज बोलतो. फोन आला की हे दाबतात, समोरचा बापडा दचकतो. एरवी हातात पाटी असते, तिच्यावर लिहितात.

पण शेवटचे चार दिवस ह्यांनी रुचिराला येऊ नको म्हणून सांगितलं. दार आतून लावायचे आणि एकटेच माईकपुढे बसायचे. मी दाराला कान लावला तर आतून टेबलावर थाप मारायचे. ते सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि त्याला नाव दिलं, सुगंधा. म्हणजे मी. मी विचारलं, काय भरलंय त्यात? तेव्हा अजून घसा होता. म्हणाले, "मी गेल्यार उघड."

मी तीन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. बोलण्याचे तीनच दिवस उरले होते आणि मी ते तोंड फुगवून घालवले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

रुचिराकडे पहिल्या वाक्यांची नक्कल होती. ह्या फोल्डरची नव्हती. ह्यांनी काढूच दिली नाही, खाजगी आहे म्हणे. म्हणजे माझ्यासाठी जे काही बोलून ठेवलं होतं, ते सगळ्या जगात त्या एका डब्यात होतं.

आणि मग आला दसरा.

आमच्या घरात दसऱ्याला यंत्राची पूजा म्हणजे नुसती फुलं वाहणं नाही. ती वर्कशॉपची पद्धत. ह्यांनीच मला शिकवलेली. आधी यंत्र उघडायचं, आतला मळ काढायचा, तेल द्यायचं, मग हळदकुंकू. आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, यंत्रालाही एक दिवस सुट्टी. माझ्या शिलाई मशीनचं मी चाळीस वर्षं असंच करत आलेय. ह्या वर्षी हे झेंडू आणायला खाली गेले होते. माझं मशीन झालं. तेलाची कुपी हातात होती. कॉम्प्युटरचा पंखा महिनाभर घरघर करत होता, ते माझ्या डोक्यात होतंच. म्हटलं, ह्याच्यामुळे माझा माणूस बोलतो, ह्याला उपाशी का ठेवायचं?

बाजूचा पत्रा दोन स्क्रूंवर असतो, काढला. आत ही धूळ! फडक्याने पुसून काढली. पंख्याला दोन थेंब तेल दिलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलाने चार थेंब पाणी शिंपडलं. हात जोडले, ह्यांचा आवाज सांभाळ म्हटलं. पत्रा परत लावला. हे आले तेव्हा मी पाटावर आपट्याची पानं मांडत होते. त्यांच्या झेंडूंनी आणि कुंकवाने डब्याची बाहेरूनही पूजा केली, पण उघडल्याचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, देव जाणे. मनात कुठेतरी ठाऊक असणार, की हे नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. स्क्रीन काळाच. आणि आतून आवाज यायला लागला, टक, टक, टक, टक.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, थांबा, मी बघते. बंद केलं, चालू केलं. टक, टक. परत बंद, परत चालू. मी दाबतच होते. चौथ्यांदा ह्यांनी माझा हात धरून बाजूला केला.

आमच्या इथे चंद्रप्रकाश म्हणून आहे, कॉम्प्युटरचं काम करतो, चाळिशीचा आहे, ह्यांच्याच गावाकडचा. त्याला फोन लावला. तो म्हणाला, मोबाईल डब्याजवळ धरा काकी, एकदाच चालू करा. मी धरला. त्याने ऐकलं. 

"टक टक म्हणजे डिस्क असेल, काकी," तो म्हणाला. "आता अजिबात दाबू नका. दरवेळी दाबलं की आतली सुई डिस्कवर घासते. जे उरलंय तेही जाईल."

किती वेळा दाबलं, हे मी त्याला सांगितलं नाही. तो म्हणाला, तासाभरात येतो.

तो तास कसा काढला ते माझं मला माहीत. मी आधी काय केलं असेल तर ओल्या फडक्याने डब्यावरचं कुंकू पुसलं. झेंडू उचलून पिशवीत टाकले. खुन्यासारखी घरभर फिरत होते. हे खुर्ची ओढून डब्याशेजारी बसले होते, त्याच्यावर हात ठेवून, तापातल्या मुलाशेजारी बसावं तसे. थोड्या वेळाने पाटी माझ्यापुढे केली. लिहिलं होतं, तुझा फोल्डर?

मी म्हटलं, मला काय माहीत, चंद्रप्रकाश बघेल. माझा आवाज असा फाटका आला की मलाच ओळखू येईना.

सांगायचं होतं हो मला. दोनदा तोंड उघडलं. पण समजा डिस्क गेलीच, तर हा माणूस जन्मभर मनात धरणार, की हिने माझा आवाज घालवला. आणि ओरडून मोकळाही होऊ शकणार नाही. पूर्वी एक बरं होतं, दहा मिनिटं घर डोक्यावर घ्यायचे, अकराव्या मिनिटाला चहा मागायचे. आता राग आला की नुसते बघतात. त्या बघण्याची मला जेवढी भीती वाटते, तेवढी ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती.

कालचं श्रीखंड तसंच फ्रिजमध्ये होतं. मी ते काढलं आणि परत ठेवलं.

चंद्रप्रकाश आला. जमिनीवर पेपर पसरला, डबा आडवा केला, बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि थांबला. स्क्रू बोटाने फिरवून बघितला. नुसत्या बोटाने फिरला.

विचारलं, "हे कोणी उघडलं होतं?"

ह्यांनी मान हलवली, नाही. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. तो ह्यांना म्हणाला, काका, हे मी उगाच विचारत नाहीये. डिस्कला धक्का लागला असेल तर मी इथे वीजच देणार नाही, तशीच काढून गेलेला डेटा परत मिळवणाऱ्या माणसाकडे पाठवेन. महिना लागेल, आणि येईलच असं नाही. धक्का लागला नसेल तर इथेच बघू. पण खरं काय झालं ते मला कळलं पाहिजे.

म्हणजे बघा. गप्प बसले तर हा चुकीचं काहीतरी करणार, आणि माझ्या गप्प बसण्यापायी उरलेलंही जाणार.  पदर पिळवटून नुसता चोळामोळा झाला होता.

"मी उघडलं," मी म्हटलं. "काल. आतून पूजा केली."

चंद्रप्रकाशला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. मग मी सगळं सांगितलं. फडकं, शिलाई मशीनचं तेल, हळद, कुंकू, अक्षता. पाणी म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. आत पाणी, काकी? मी म्हटलं, थोडंसंच, फुलाने. स्वतःच्या कानांना ते इतकं मूर्खासारखं ऐकू आलं.

हे उठले. खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले आणि ग्रिलवर बोटं आपटायला लागले. मी मान खाली घालून वाट बघत होते. चाळीस वर्षांची सवय, अशा वेळी मागून आवाज चढतो आणि मी कान पाडून उभी राहते. आवाज आला नाही. ऑपरेशनने गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास तेवढा जोरात येत होता. वाटलं, आता धरणी दुभंगावी.

चंद्रप्रकाशने पत्रा काढला, टॉर्च मारला. आत माझं कुंकू सगळीकडे लागलं होतं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग चिमटा घेतला, पुढच्या पंख्याच्या जाळीत घातला आणि एक तांदूळ बाहेर काढला. लाल, तेलकट, माझी अक्षता. ती जाळीत अडकली होती आणि फिरता फिरता पात्याला लागत होती.

"ही तुमची टक टक," तो म्हणाला. "डिस्कचा आवाज नव्हता तो. पंखा डिस्कच्या पुढ्यातच आहे, फोनवर मला वाटलं डिस्क."

मी लगेच हात जोडले. पण तो म्हणाला, थांबा, एवढ्यात खूश होऊ नका. ड्रायरने पाण्याच्या जागा वाळवल्या, ब्रशने कुंकू झाडलं, बटण दाबलं. पंखा गुपचूप फिरला. स्क्रीन मात्र काळाच.  आता तर टक टकही नाही, म्हणजे आतून सगळंच मेलं की काय!

त्याने पुन्हा टॉर्च मारला आणि एक हिरवी पट्टी दाखवली, बोटभर लांब. म्हणाला, ही रॅमची पट्टी, ती नीट बसली नाही की स्क्रीन येतच नाही, आणि ही एका बाजूने वर आलीय. पुसताना फडकं अडकलं असणार. ती काढली. तिच्या पितळी दातांवर तेलाचा डाग होता, माझ्या अंगठ्याचा. विचारलं, खोडरबर आहे का?

माझ्या शिवणाच्या डब्यात होतं. त्याने त्या पट्टीचे दात खोडरबराने घासले, हळूहळू, एक बाजू, मग दुसरी. फुंकर मारली. परत खाचेत बसवली, कट्ट असा आवाज आला. म्हणाला, काकी, देवाचं नाव घ्या.

मी म्हटलं, काल घेतलं तेवढं पुरे.

त्याने बटण दाबलं. काहीच नाही. मी मनात आकडे मोजत होते, सहा, सात, आठ. मग स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, आणि थोड्या वेळाने ह्यांच्या वाक्यांची यादी. आणि सगळ्यात खाली, सुगंधा.

चंद्रप्रकाशने ह्यांना न विचारताच पेन ड्राइव्ह लावला आणि त्या फोल्डरची नक्कल घेतली. ह्यांनी अडवलं नाही. नक्कल झाल्यावर मात्र खिडकीपासून इकडे आले, त्याला हातानेच बाजूला केलं आणि खुर्चीवर बसले. माऊस घेतला. सुगंधा उघडलं.

"अहो, नको," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात ना, नंतर."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं होतं आत काय काय असेल. शेवटचा निरोप, माफी, देवाचं काहीबाही. रात्र रात्र जागून मी त्याचा विचार केलेला. यादी आली. गॅस बंद कर. बीपीची गोळी. रेशनकार्ड कुठे आहे. पाय सुजले तर. आणि त्याच्या खाली, ओरडणं एक, ओरडणं दोन, ओरडणं तीन, अशी एकतीसपर्यंत.

हे सात नंबरवर गेले आणि दाबलं.

"सुगंधा! तुका किती येळा सांगलंय, माझ्या वस्तूंक हात लावू नको म्हणान! कळता काय तुका? आता रडत बसू नको. चाय टाक."

चंद्रप्रकाशच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. सात महिन्यांत आमच्या घरात असा आवाज झाला नव्हता. हे खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं रागाचं नव्हतं.

मी पदर तोंडाला लावला होता, पण हसू की रडू, त्याने काही थांबत नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "परत लावा."

त्यांनी आवाज आणखी मोठा केला आणि परत लावलं.